त्याची आई येणार होती

रमजानचा दुसरा आठवडा होता, वर्ष २०२४. असरची नमाज आटोपून मी इफ्तारीच्या भज्यांचे पीठ कालवत होते. तेवढ्यात धाकटा शेतातून धावत आला. डोक्यावरची टोपी त्याने दोन्ही हातांत ओंजळीसारखी धरली होती.

"अम्मी, बघ ना! याला कोणीच नाही."

टोपीत सशाचे पिल्लू होते. मुठीत मावेल एवढे. डोळे टक्क उघडे, कान पाठीला चिकटलेले आणि अंग इतके स्तब्ध, की क्षणभर ते मेलेलेच वाटले. फक्त नाकपुड्या थरथरत होत्या.

आमचे दोन एकर रान येरमाळ्याच्या बाहेर, डोंगराच्या पायथ्याला आहे. त्या दिवशी ज्वारीची काढणी चालू होती. पेंढ्या बांधत बाया बांधापर्यंत गेल्या तेव्हा गवतात हे पिल्लू दिसले. धाकट्याने चारी बाजूंना पाहिले. थोडा वेळ थांबलाही. मादी कुठे दिसेना. मग त्याने ठरवून टाकले, की हे अनाथ आहे. नऊ वर्षांचे पोर, त्यात रोजा धरलेला. अनाथाला सांभाळण्याचा सवाब त्याला घरात सगळ्यांनी सांगितलेला होता. त्याने ऐकलेले खरे करून दाखवले होते.

खोटे कशाला सांगू, मलाही त्याचे कौतुक वाटले. मी पीठ बाजूला ठेवले आणि कामाला लागले. आंब्याच्या रिकाम्या पेटीत जुनी ओढणी अंथरली. म्हशीच्या दुधात थोडे पाणी घालून कोमट केले, कापसाची वात बुडवली आणि पिल्लाला तान्ह्या बाळासारखे उताणे मांडीवर घेऊन थेंब थेंब पाजले. एक-दोनदा त्याच्या नाकातून दूध आले, ते शिंकले. आम्ही म्हणालो, "पितंय, पितंय!" इफ्तारनंतर गल्लीतली सगळी मुले बघायला आली. प्रत्येकाने हातात घेऊन पाहिले. कोणी नाव ठेवले, कोणी फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी त्याचे पोट फुगले. संध्याकाळी त्याला जुलाब लागले आणि श्वास घेताना बारीक घरघर ऐकू येऊ लागली. तिसऱ्या दिवशी सहरीला उठले, चूल पेटवायच्या आधी पेटीत हात घातला, तर ते गार पडले होते.

धाकट्याला उठवायचे मला धैर्य होईना. तो आपणच उठला, पेटीपाशी गेला आणि तिथेच बसून राहिला. त्या दिवशी सहरीला त्याच्या घशाखाली घास उतरला नाही.

माझ्या सासूबाई म्हणजे मुलांची दादी. त्या त्याच्याजवळ जाऊन बसल्या. त्यांनी त्याला अबू उमैरची हकिकत सांगितली. हजरत अनस (रजि.) यांचा हा धाकटा भाऊ. त्याच्याकडे एक छोटासा पक्षी होता, तो त्याच्याशी खेळायचा. एकदा पैगंबर मुहम्मद (स.) त्यांच्या घरी आले, तर पोर उदास बसलेले. चौकशी केली तेव्हा कळले, की पक्षी मेला. तेव्हा पैगंबरांनी (स.) त्या लहानग्याला मोठ्या माणसासारखी हाक मारून, मायेने त्याच्या पक्ष्याविषयी विचारले. 'पक्षीच तर होता' असे म्हणून त्यांनी लहान पोराचे दुःख उडवून लावले नाही.

धाकट्याने सगळे ऐकले. मग त्याने विचारले, "दादी, पण याची आई कुठे होती?"

या प्रश्नाचे उत्तर घरात कोणापाशीच नव्हते.

मुलांच्या अब्बांचे महामार्गावर पंक्चरचे दुकान आहे. तिथे चार प्रकारची माणसे येतात. चार-पाच दिवसांनी एक वनरक्षक मोटारसायकलचे चाक घेऊन आले. मी डबा घेऊन गेले होते. धाकट्याचा प्रश्न मी त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "ताई, ती जवळच होती. अंधार पडल्यावर ती येणार होती."

मग त्यांनी समजावून सांगितले. सशाची मादी ही कोंबडीसारखी पिल्लांना पंखाखाली घेऊन बसत नाही. तिची पिल्ले जन्मतःच अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊन येतात. ती त्यांना गवतात दडवून ठेवते आणि स्वतः दिवसभर मुद्दाम लांब राहते. ती सारखी ये-जा करू लागली, तर तिच्या मागावर कुत्री आणि कोल्हे येतील. दिवस मावळला की ती गुपचूप येते, दूध पाजते आणि निघून जाते. तिचे दूध इतके दाट असते, की पिल्लाला तेवढ्यावर बराच वेळ निभावता येते. पिल्लू हलत नाही, ओरडत नाही, कारण न हलणे हेच त्याचे रक्षण आहे. काळविटाचे आणि चिंकाऱ्याचे पाडसही असेच गवतात मान टाकून पडून राहते. आपल्याला वाटते ते टाकून दिलेले आहे. खरे तर ते आईची वाट बघत असते.

"आणि दूध?" मी विचारले.

"गाई-म्हशीचं दूध त्याला पचत नाही. अन् उताणं धरून पाजलं, की दूध फुफ्फुसात जातं."

मी परत येताना रस्ताभर गप्प होते. त्या दिवशी मगरिबच्या अजानच्या वेळी, आम्ही इथे खजूर हातात घेऊन बसलो होतो तेव्हा, ती मादी तिकडे बांधावर आली असेल. जिथे ठेवले होते तिथे हुंगून पाहिले असेल. दुसऱ्या रात्रीही आली असेल. तीन मुलांची आई आहे मी. हा विचार माझ्याने सहन होईना.

धाकट्याला हे सांगावे की नाही, यावर घरात दोन मते पडली. अब्बा म्हणाले, "जाऊ दे, पोराच्या मनाला लागेल." सासूबाई म्हणाल्या, "लागू दे. चांगल्या मनानं केलेलं चुकतं कसं, ते त्याला आता नाही कळलं तर कधी कळणार?" ईद झाल्यावर मी त्याला सांगितले. तो रडला. "म्हणजे मीच..." एवढेच म्हणाला.

तेव्हा दादीने दुसरी हदीस सांगितली. ती मी लहानपणापासून ऐकत आले होते, पण त्या दिवशी नव्याने ऐकली. हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांच्याकडून आलेली ही रिवायत अबू दाऊदच्या संग्रहात आहे. प्रवासात मुक्काम पडला होता. पैगंबर (स.) थोडा वेळ बाजूला गेले असताना सोबतच्या लोकांना एक लहान पक्षीण दिसली, तिच्याबरोबर दोन पिल्ले होती. त्यांनी पिल्ले उचलून घेतली. पक्षीण आली आणि पंख पसरून त्यांच्याभोवती फडफडू लागली. पैगंबर (स.) परतले, त्यांनी ती तडफड पाहिली आणि विचारले, की हिच्या पिल्लांसाठी हिला कोणी दुःख दिले? मग सांगितले, की पिल्ले तिला परत करा.

"बेटा," दादी म्हणाली, "पिल्लं उचलणारी माणसं वाईट नव्हती. चांगलीच होती. पण त्यांची नजर पिल्लांवर होती. हुजूरांची नजर आईवर गेली."

बस्स. माझ्या मते या सगळ्या विषयाचे सार एवढेच आहे. आपण पिल्लू पाहतो. मऊ, लहान, एकटे. आपल्याला त्याची दया येते आणि त्या दयेत ते आपले होऊन जाते. पण ते आपले नसते. ते कोणाचे तरी असते. रहम करायचा असेल, तर पहिला प्रश्न 'याला काय खायला घालू?' हा नाही. पहिला प्रश्न धाकट्याने विचारला तोच आहे, याची आई कुठे आहे?

त्याच हदीसमध्ये पुढे आणखी एक गोष्ट येते. लोकांनी जाळलेले मुंग्यांचे एक वारूळ पैगंबरांच्या (स.) नजरेस पडले, तेव्हा आगीची शिक्षा देणे हे आगीच्या मालकाशिवाय कोणाला शोभत नाही, असे त्यांनी सांगितले. आपल्याकडे उन्हाळ्यात बांध पेटवायची पद्धत आहे. बांधावरच्या त्या गवतात सशाची पिल्ले असतात, तितराची आणि लावरीची घरटी असतात, घोरपडीची बिळे असतात. मोठी जनावरे पळून जातात. पिल्लांना तर न हलण्याचीच शिकवण असते. ती जागच्या जागी जळतात. त्या वर्षापासून आम्ही बांध पेटवत नाही. गवत कापतो, तेही एका बाजूने हळूहळू, म्हणजे कोणी असेल तर त्याला निघून जायला वाट राहते.

आमच्या घराची परीक्षा त्याच वर्षी पावसाळ्यात झाली. शेडचा पत्रा गळत होता. अब्बा शिडी लावून वर चढले आणि पत्रा उचलताच काथ्या, कापूस आणि पोत्याच्या दोऱ्यांचा एक गोळा खाली पडला. आत खारीची तीन पिल्ले होती. बोटाएवढी, गुलाबी, डोळे मिटलेली. थोरली लगेच वाटी आणायला धावली. धाकटा दारात आडवा झाला.

"दूध नाही. आधी आई."

आम्ही वनरक्षकांना फोन लावला. त्यांनी सांगितले ते असे. पिल्लांना आधी ऊब द्या. एवढ्या लहान पिल्लाला स्वतःची ऊब राखता येत नाही आणि गार पडलेल्या पोटात काहीही घातले तरी ते पचत नाही. बाटलीत कोमट पाणी भरा, फडक्यात गुंडाळा आणि त्याला टेकवून पिल्ले ठेवा. पेटी उथळ घ्या, म्हणजे आईला आत-बाहेर करता येईल. पेटी जिथे घरटे होते त्याच्या शक्य तितक्या जवळ ठेवा. पाऊस, मुंग्या आणि मांजर यांच्यापासून जपा. आणि सगळ्यांत अवघड काम, तुम्ही तिथून निघून जा.

आम्ही पेटी भिंतीच्या कट्ट्यावर पत्र्याखाली ठेवली, मांजरीला खोलीत कोंडले आणि दार लावून खिडकीच्या फटीतून पाहत बसलो. समोरच्या लिंबावर खार शेपूट उडवत चिक्-चिक् करत होती. अर्धा तास ती खाली उतरली नाही. मग भिंतीवर आली, पेटीपर्यंत आली, परत पळाली. धाकट्याने श्वास रोखून धरला होता. अखेर तिने पेटीत तोंड घातले, एक पिल्लू पोटाशी धरून दातांत उचलले आणि लिंबावर चढून दिसेनाशी झाली. थोड्या वेळाने दुसरे नेले.

तिसरे राहिले. बाटली गार झाली, आम्ही गुपचूप बदलली. असर होऊन गेली. खार दिवसा वावरणारा जीव, अंधार पडला की ती येणार नाही. आकाश भरून आले होते. थोरली म्हणाली, "ती विसरली." धाकटा म्हणाला, "आई विसरत नाही." मला मात्र खात्री नव्हती. मगरिबला थोडाच अवकाश असताना ती आली आणि तिसरे पिल्लू घेऊन गेली. धाकट्याने उडी मारली नाही की ओरडला नाही. नुसते माझ्याकडे पाहिले. त्या नजरेतून मला वाटले, की मार्च महिन्यापासून त्याच्या छातीवर ठेवलेला दगड उतरला.

माणसाचा हात लागला, की आई पिल्लाला टाकून देते, असे आपण सगळेच लहानपणापासून ऐकतो. या समजुतीमुळे कितीतरी लोक पिल्लू परत ठेवायलाच घाबरतात. पण बहुतेक पक्षी आणि जनावरे आपल्या पिल्लाला अशा कारणाने सोडत नाहीत. घरट्यातून पडलेले, पिसे न फुटलेले पिल्लू उचलून घरट्यात ठेवता येते. घरटे मोडले असेल, तर छोट्या टोपलीत गवत घालून ती त्याच फांदीला बांधता येते. आणि पिसे फुटलेले, जमिनीवर टुणटुण उड्या मारणारे बुलबुलाचे किंवा साळुंकीचे पिल्लू दिसले, तर ते पडलेले नसते, उडायला शिकत असते. आई-बाप जवळच्या झाडावरून त्याला चारा भरवत असतात. तेव्हा आपले काम एवढेच, की मांजर-कुत्रे दूर ठेवायचे.

सशाच्या पिल्लाला जे लागू, ते बिबट्याच्या पिल्लालाही लागू आहे. आपल्या कळंब, भूम, वाशीकडून आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी ऊसतोडीला माणसे पश्चिम महाराष्ट्रात जातात. तिकडे जुन्नर, आंबेगाव, संगमनेर या भागात बिबट्याची मादी उसातच विते. तोड चालू असताना फडात मांजरीएवढी पिल्ले सापडतात. पिल्ले उचलून नेली, तर चवताळलेली मादी त्या परिसरात फिरत राहते आणि फडात, कोपीत राहणाऱ्या आपल्याच माणसांना धोका होतो. म्हणून वनविभाग आणि जुन्नरजवळच्या माणिकडोह बिबट निवारा केंद्रातील डॉक्टर तिथे जातात, पिल्ले तपासतात आणि संध्याकाळी त्याच जागेवर पेटीत ठेवतात. आजूबाजूला कॅमेरे लावून माणसे दूर होतात. रात्री मादी येते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून घेऊन जाते. ज्या जनावराच्या नावाने आपल्याला कापरे भरते, तीही आधी आई असते.

आपला भागही काही रिकामा नाही. येडशीजवळचे रामलिंग घाट अभयारण्य १९९७ साली जाहीर झाले. ते सुमारे २२ चौरस किलोमीटरचे, म्हणजे तसे लहानच. पण २०२४ च्या डिसेंबरात यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्यातून शेकडो किलोमीटर चालत आलेला वाघ तिथे कॅमेऱ्यात दिसला, तेव्हा सगळ्या पंचक्रोशीला कळले, की आपल्या उघड्या-बोडक्या डोंगरांतूनही जनावरांच्या वाटा आहेत. त्या वाटा आपल्या शेतांतून आणि महामार्गावरून जातात. म्हणून पिल्ले आपल्या दारात येतात.

काही वेळा मात्र पिल्लू खरेच अनाथ असते किंवा जखमी असते. ते ओळखायचे कसे? शेजारी आई मरून पडली असेल. अंगावर जखम, रक्त, माश्यांची अंडी किंवा अळ्या असतील. पिल्लू गार आणि लुळे पडले असेल. कुत्र्या-मांजराने तोंडातून आणले असेल, तर जखम दिसली नाही तरी त्याला उपचार लागतात. तेव्हा नुसते बघत बसणे हा रहम नव्हे. जाड फडक्याने उचलावे, भोके पाडलेल्या खोक्यात अंधारात आणि उबेत ठेवावे, दूध-पाणी काही पाजू नये, मुलांना हाताळू देऊ नये आणि वनविभागाला कळवावे. महाराष्ट्र वनविभागाचा १९२६ हा नि:शुल्क क्रमांक आहे, तो घरातल्या भिंतीवर लिहून ठेवा. पिल्लाने चावा घेतला किंवा ओरबाडले, तर जखम १५ मिनिटे साबण आणि वाहत्या पाण्याने धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. रेबीजच्या बाबतीत 'लहानच तर आहे' हे चालत नाही.

कायदाही हेच सांगतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे रानातले असे जनावर ही सरकारची मालमत्ता आहे. ते कोणाच्या हाती आले, तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा वनाधिकाऱ्याला कळवावे लागते. ससा, मोर, हरीण, माकड हौसेने घरी पाळणे हा गुन्हा आहे. मोराची अंडी आणून कोंबडीखाली उबवणेही त्यातच आले. मला या कायद्याची भाषा रुक्ष वाटली नाही. कायदा ज्याला मालमत्ता म्हणतो, त्याला आपण अमानत म्हणतो. अमानत आपली नसते. ती सांभाळून ज्याची त्याला परत करायची असते.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या मे महिन्यात, अब्बा येडशीकडून येत होते. रस्त्यावर गर्दी दिसली. एक वानरीण गाडीखाली सापडून मेली होती आणि तिच्या पोटाला पिल्लू बिलगलेले होते. जिवंत. लोक मोबाइलवर चित्रण करत होते. एक जण म्हणत होता, "मी नेतो घरी, पोरांना खेळायला होईल." अब्बांनी आधी १९२६ लावला. मग दोघा-तिघांना सोबत घेऊन गाड्या बाजूने वळवल्या आणि गर्दी मागे हटवली. झाडावर कळप बसून होता. दीड तासाने वनविभागाची माणसे आली. कळपातली कोणी मादी खाली उतरते का, याची त्यांनी आधी वाट पाहिली, कारण वानरांच्या कळपात दुसऱ्या माद्याही पिल्लांना जवळ घेतात. कोणी आले नाही. तेव्हा त्यांनी हातमोजे घालून, फडके टाकून पिल्लू अलगद सोडवले. अब्बा म्हणाले, "ते आईला सोडेना. त्याची एकेक बोटं सोडवावी लागली." एवढे बोलून ते बराच वेळ हौदावर हात-पाय धूत राहिले.

गडचिरोलीच्या हेमलकशाला १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. तिथे डॉ. प्रकाश आमटे यांना शिकार करून परतणारी आदिवासी माणसे भेटली होती. मेलेल्या माकडिणीला एक जिवंत पिल्लू असेच बिलगलेले होते. त्यांनी ते मागून घेतले. बबली नावाच्या त्या पिल्लापासून तिथले वन्यप्राण्यांचे अनाथालय उभे राहिले. आपल्या शेजारी, बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार तालुक्यात तागडगावला सिद्धार्थ आणि सृष्टी सोनवणे हे दांपत्य 'सर्पराज्ञी' हे केंद्र चालवते. जखमी आणि पोरकी रानजनावरे तिथे बरी होतात आणि जी रानात जगू शकतात ती परत सोडली जातात. हे काम हौसेचे नाही. कोणत्या पिल्लाला काय आणि किती पाजायचे, त्याला माणसाचा लळा लागू न देता कसे वाढवायचे, याला ज्ञान लागते आणि वर्षे द्यावी लागतात. आपल्याला ते येत नसेल, तर ज्याला येते त्याच्यापर्यंत पिल्लू पोहोचवणे हे आपले काम.

आठवड्याने धाकट्याने वनरक्षकांना फोन लावायला लावला. पिल्लू दूध पीत होते, पुढच्या देखभालीसाठी त्याला पाठवले होते. "मी त्याला बघायला येऊ?" त्याने विचारले. पलीकडून उत्तर आले, "नको बाळा. माणसं जितकी कमी दिसतील, तितकं त्याला रानात परत जाणं सोपं."

मला वाटले, पोर हिरमुसेल. त्याने फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "बरोबर आहे. आपलं थोडंच आहे ते."

या वर्षी ज्वारीच्या काढणीला त्याने बायांना आधीच सांगून ठेवले होते, की बांधाजवळ आल्यावर मला हाक मारा. एका ठिकाणी गवत दबलेले होते आणि त्यात एक पिल्लू होते. तेवढाच कोपरा त्याने उभा ठेवायला लावला, भोवती चार पेंढ्या टेकवल्या आणि कुत्र्याला दोरी बांधून घरी घेऊन आला. दुसऱ्या दिवशी फजरनंतर तो पाहून आला. पिल्लू जागेवर नव्हते. रक्ताचा थेंब नव्हता की केसांचा पुंजका नव्हता.

"नेलं तिने," तो म्हणाला.

सासूबाई तसबीह ओढत होत्या. त्या म्हणाल्या, "अल्हमदुलिल्लाह." आणि पुन्हा मणी मोजू लागल्या.